बाही जोडायची राहिली

होय, मीच बोलतोय, कपाटावरचा धूळ खात पडलेला व्हिडिओ. जात बीटा. नाव ऐकलं नसेल तर तुमचा दोष नाही. हरलेल्यांची नावं कोण लक्षात ठेवतं?

मला घरी आणलं घड्याळजींनी. डोळ्याला भिंग लावून दिवसभर इवलीइवली चाकं निरखणारा माणूस. दुकानात दोन व्हिडिओ शेजारी लावलेले, एक मी आणि एक तो धिप्पाड व्हीएचएस. घड्याळजी पडद्याला नाक टेकेपर्यंत वाकले आणि म्हणाले, "याचं चित्र बघा! केस न् केस मोजून घ्यावा." झालं, मी फुशारलो. माझ्या कॅसेटवर जेमतेम तासभर मावतं आणि त्याच्या कॅसेटवर दोन तास, असं दुकानदार सांगत होता. पण ऐकतंय कोण!

समोरच्या बिऱ्हाडातल्या कंपाउंडरकाकांनी तोच धिप्पाड घेतला. "अहो, अख्खा सिनेमा एका कॅसेटीत!" पुढे त्याला बनवणारे कारखाने वाढले. कॅसेटी भाड्याने देणाऱ्याने त्याच्याच कॅसेटींनी फळ्या भरल्या. मग काय, ज्याच्या कॅसेटी मिळतात तेच मशीन लोक घेणार, आणि लोकांकडे जे मशीन त्याच्याच कॅसेटी दुकानदार ठेवणार. काकांच्या कॅसेटी इमारतभर फिरायच्या. आमच्या दारी कोणी फिरकेना.

घड्याळजींची बायको घरीच शिवणकाम करायची. ती हसायची, "अतिशहाणा त्याचा व्हिडिओ रिकामा!"

"लोकांना नजरच नाही," घड्याळजी फणकारायचे. मीही मनात म्हणायचो, नाहीच मुळी.

मग तिच्या घशात गाठ निघाली. सोमवारी ऑपरेशन ठरलं. आवाज राहील की नाही, डॉक्टर काही सांगेनात. लेक सात वर्षांची, गुटगुटीत म्हणून ढमी. आई म्हणाली, "मला हिला फ्रॉक शिवायला शिकवायचंय. आत्ता काय कळणार तिला? तुमच्या त्या पठ्ठ्यात भरून ठेवा, मोठी झाली की बघेल."

शनिवारी सकाळी घड्याळजींनी भाड्याचा कॅमेरा आणून मला जोडला. तिने पिवळं कापड पसरलं. मापं सांगितली, खडूने रेघा मारल्या, कापलं, बाजू शिवल्या. मध्येच खोकायची, पाणी प्यायची, "कार्टे, कात्री ठेव आधी!" म्हणून ढमीवर ओरडायची. मी सगळं टिपत होतो, सुईचं नेढंसुद्धा. मग तिने बाही हातात घेतली.

"आता नीट बघ हं, ढमे. सगळ्या इथंच चुकतात. बाही जोडताना मुंढ्यापाशी आलं की आधी..."

खट्ट. कॅसेट संपली.

घड्याळजी धावत सुटले. तीन दुकानं पालथी घातली. माझ्या कॅसेटी आता कोणी ठेवतच नव्हतं, मागवली तर चार दिवस लागणार. कंपाउंडरकाका आपणहून दारात आले. "माझं मशीन आणतो उचलून. वहिनींचं पुरं करून घेऊ."

"नको," घड्याळजी म्हणाले. "त्याच्यात हिचा चेहरा धुरकट येईल. आवाजाला काही होत नाही, कॅसेट येऊ दे, मग निवांत करू."

आणि मी मूर्ख, तेव्हा खूश झालो हो.

ती दवाखान्यातून परत आली नाही. कॅसेट बुधवारी आली.

ढमीने तो एक तास किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही. आईबरोबर तिचेही ओठ हलायचे. "आधी" आलं की ती थांबायची आणि पडद्यावरच्या मुंग्यांकडे बघत बसायची. पुढे ती शिवणक्लासात बाही शिकली. आज तिच्या हाताखाली चार जणी शिवतात. बाही छान बसवते. तरी म्हणते, "आईचं आधी काय होतं, कोण जाणे."

काल मेकॅनिकने मला उघडून पाहिलं. "ताई, आता एकदाच चालेल. दुसरीकडे उतरवून घ्या आणि याला निरोप द्या." म्हणून मी शेवटचा चाललो. जीव ओतून चाललो. घड्याळजी पडद्याला नाक टेकून बसले होते. त्यांची नजर कधीच गेली आहे.

"दिसतंय का बाबा?"

"चेहरा नाही दिसत. आवाज येतोय." शेवटचं "आधी" आलं आणि खट्ट झालं. घड्याळजी म्हणाले, "धुरकट चाललं असतं गं."

ढमीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

तो धिप्पाड जिंकला ते बरोबरच झालं. माझ्या लखलखीत चित्राचं मला आता काही कौतुक नाही. त्यापेक्षा पाच मिनिटं जास्त मावली असती तर!

उद्या भंगारवाला येईल. माझं एकच मागणं आहे. बुधवारी आलेली ती कोरी कॅसेटही माझ्याबरोबर देऊन टाका. ढमी अधूनमधून ती कपाटातून काढते आणि हातात धरून बसते. ते मला बघवत नाही.