दर वितीला एक पिवळा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना धोटा आहे. मागावर आडवं सूत टाकायला जो लाकडी तुकडा इकडून तिकडे पळत असतो, तोच मी. आकाराने होडीसारखा. दोन्ही टोकांना पोलादी टोप्या, पोटात सुताची कांडी ठेवायला खोलगट जागा आणि कुशीला एक बारीक भोक. कांडीचं सूत त्या भोकातून बाहेर येतं. मला जे काही कळलं ते त्या भोकातूनच कळलं.

मी कुठल्या झाडाचा, हे विचारू नका. लाकूड तासताना आठवणीही तासल्या जातात. एवढं सांगतो की १९८१ साली मी भिवंडीत आलो, एका छोट्या, एकाच पाळीच्या कारखान्यात, आणि दौलतच्या हाती पडलो. दौलत जवळच्याच दापोडे गावचा. सकाळी सायकलीवर यायचा, मागे कॅरिअरवर त्याची बायको पार्वती. तो चार माग चालवी आणि ती त्याच छपराखाली कोपऱ्यात बसून कांड्या भरी. मागांची धडधड एवढी की नवरा-बायको दिवसभर एकमेकांसमोर असून बोलू शकत नसत. काही लोकांना ही सोय वाटते.

आता भोकाची गोष्ट. दर चार-पाच मिनिटांनी कांडी संपते. मग मला बाहेर काढायचं, नवी कांडी बसवायची आणि तिचं सूत भोकातून बाहेर आणायचं. ते आणायची भिवंडीभर एकच रीत होती. भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सूत सुळकन तोंडात येतं. हे दिवसातून शंभरावर वेळा. त्यामुळे दौलतने सकाळी सुकट खाल्ली की नुसती चटणी-भाकर, रात्री भांडण झालं की नाही, सगळं मला त्याच्या तोंडावरून समजे. आणि या सगळ्या चवींच्या वर एक चव कायम असे, बिडीची.

सुरुवातीची वर्षं माझी कौतुकाची. दौलत मला काचपेपरने घासायचा, तेल लावायचा, म्हणायचा, "ह्यो धोटा कंदी सूत तोडत न्हाय." मला ते खरं वाटायचं. तुम्हालाही कोणी रोज असं म्हटलं तर वाटेल.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात मात्र त्याचा श्वास बदलला. सूत एका ओढीत येईना. दोन ओढी, तीन ओढी, मग खोकला. पार्वती त्याला बळेबळे डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथे काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी समजलं. वीज गेली होती, माग बंद होते, आणि तो पंढरीला सांगत होता. पंढरी शेजारचे चार माग चालवायचा, दौलतचा बिडीचा सोबती.

"डॉक्टर बोल्ले, कापसाची भुकटी छातीत जातेय ती जानारच. माग सोडून खाशील काय? पन बिडी तुज्या हातात हाय. दोनी चालू ठेवलंस तर बापाच्या वाटेनं जाशील."

त्याचा बाप काळूराम पंचेचाळिशीत खोकत खोकत गेला होता. दौलत तेव्हा अडतीस वर्षांचा होता.

"डाक्टर स्वता वढत असंल," पंढरी म्हणाला आणि बिडी पेटवली.

दौलतने मात्र येत्या शनिवारपासून बिडी सोडली.

मित्रांनो, व्यसन सोडणं ही मोठी सुंदर गोष्ट आहे असं तुम्हाला शाळेत सांगतील. सांगणाऱ्याने पहिला आठवडा जवळून पाहिलेला नसतो. मी पाहिला. इतका वैताग मला आयुष्यात आला नाही.

पहिल्या दिवशी दौलतचा हात सारखा कानाकडे जायचा. कानामागे बिडी खोचायची सवय. तिथे काही नसे, मग तो कानच खाजवायचा. कानशील लालभडक झालं. सुताच्या गाठी नीट बसत नसत, एका मागावरचं सूत जोडेपर्यंत दुसऱ्यावरचं तुटे. राग कोणावर? माझ्यावर. त्याने मला फळीवर असा आपटला की माझ्या कुशीचा टवका उडाला. मग पार्वतीवर. माग थांबवून तिच्यापर्यंत चालत गेला, ओरडायलाच.

"कांड्या सैल भरतेस. झोपेत भरतेस काय?"

"सैल न्हायत. तुमचं डोकं सैल झालंय," ती म्हणाली आणि कांडी भरतच राहिली.

आणि माझं खरं दुखणं पुढेच आहे. नीट पाहा. बिडी ओढायची म्हणजे काय करायचं? ओठ पुढे काढायचे आणि श्वास आत ओढायचा. सूत काढायचं म्हणजे? अगदी तेच. ज्या माणसाने झुरका विसरायचा, त्याचा धंदाच त्याला दर मिनिटाला कुठल्या ना कुठल्या मागावर झुरका मारायला लावत होता. आणि झुरक्यात यायचं काय तर सूत. दारू सोडणाऱ्याला दिवसभर रिकामा पेला तोंडाला लावायला सांगा, तसं. तो ओठ लावायचा, ओढायचा, आणि मला कळायचं, छाती धुराची वाट बघत थांबलीय. एक क्षणभर. धूर येत नाही म्हटल्यावर ती अशी काही खचायची की मला माझ्या भोकाची लाज वाटे.

सल्ल्यांना तोटा नव्हता. आजमगढचे एक म्हातारे विणकर होते, ते म्हणाले, "मुँह में इलायची दबा ले, भाई." दौलतने वेलदोडे चघळले. कोणी लवंग सांगितली, कोणी बाभळीची काडी. कोणी म्हणालं, तलफ आली की पाण्याचा तांब्या प्यायचा, तलफ काही पाच मिनिटांपेक्षा टिकत नाही. ते खरंही होतं. पण पाण्यासाठी सारखा बाहेर आणि नंतर आणखी एका कामासाठी सारखा बाहेर, चार मागांपैकी दोन कायम बंद. जो तो येता-जाता विचारी, "काय, सुटली का?" दिवसातून दहा जण. त्याला घटकाभर तलफेचा विसर पडला की हे लोक आठवण करून देत.

तिसऱ्या दिवशी पार्वतीने स्वतःचं औषध काढलं. ओवा आणि बडीशेप, लिंबू पिळून, सैंधव लावून, भरपूर हळदीत परतलेली. छातीला हळद बरी, हा तिचा हिशेब. पुडी त्याच्या खिशात घातली आणि म्हणाली, "तलफ आली की चिमूट टाकायची. तलफ न्हाय आली तरी टाकायची."

आणि ती लागू पडली. दाढेखाली ओवा फुटला की तोंड चरचरे, नाकातून वाफ निघे, तलफेला जागा मिळत नसे. दौलत दिवसभर चघळू लागला. पण एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. त्याच तोंडाने तो सूत ओढत होता. हळदीची लाळ सुताच्या टोकाला लागत होती. माझ्या भोकाची कड पिवळी झाली आणि खाली पांढऱ्या कापडाच्या किनारीला, जिथे जिथे नवी कांडी सुरू होई तिथे तिथे, एक पिवळा ठिपका उमटू लागला. एका कांडीत वीतभर कापड विणून होई. म्हणजे दर वितीला एक ठिपका. मी पळता पळता बघत होतो. ओरडतही होतो. पण धोट्याचं ओरडणं म्हणजे खटखट, आणि ती तर चोवीस मागांची चालूच होती.

बुधवारी दुपारी वीज गेली.

वीज जाणं हीच धोक्याची वेळ. धडधड थांबते, कान सुन्न होतात, आणि सगळे बाहेर ओट्यावर जातात. मागांजवळ सूत पेट घेईल म्हणून बिडी ओट्यावरच ओढायची असा नियम. आधीच्या दोन वेळा वीज गेली तेव्हा दौलत आतच बसून राहिला होता, मला मांडीवर घेऊन. या वेळी अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. बाहेरून पंढरी म्हणाला, "आत काय अंडी उबवतोस? वारा खायला तरी ये."

तो वारा खायला गेला.

वीज आली, तो परतला, कांडी बसवली आणि माझ्या भोकाला ओठ लावले. मला लगेच समजलं. एक टपरीवरची, पूर्ण ओढलेली. दुसरी अर्धी, आणि तिला पंढरीच्या मिश्रीचा वास. दीड बिडी. मित्रांनो, मी इतका चिडलो की पुढच्याच फेरीला सूत तोडलं. कधी न तोडणारा मी. त्याने मुकाट्याने जोडलं, शिवीसुद्धा दिली नाही. त्या दुपारी त्याने ओव्याची पुडी खिशातून काढलीच नाही. संध्याकाळी पार्वतीने हात हलवूनच विचारलं, आज? आणि त्याने मान हलवली. नाही ओढली. ती हसली. तिचं ते हसू मला पाहवेना. ठाऊक मला एकट्याला, आणि मी लाकूड.

गुरुवारी माझ्या मागावरचा ताका कापला. ताका म्हणजे मागावरून उतरलेल्या कापडाचा गठ्ठा. आमचे मेहताजी चिंतामणी, कारकून माणूस, चष्मा कपाळावर चढवून ताके तपासायचे. ते किनार बघत राहिले.

"दौलत, हे काय? लग्नाच्या अक्षता टाकल्यास का कापडावर?"

दौलतने पाहिलं. पार्वती धावत आली. तिने काय करावं, साबणाची वडी आणून एक ठिपका चोळला. ठिपका लाल झाला. हळदीला साबण लागला की असंच होतं, आणि घाईत तेच विसरायला होतं.

"आता कुंकूही झालं," मेहताजी म्हणाले. "शनिवारी शेठ ताके बघणार. हे असलं बघितलं तर माग दुसऱ्याला देतील, मी काही बोलू शकणार नाही. उद्या सुट्टी आहे. काय करायचं ते करा."

"उन्हात घालते, भाऊ," पार्वती म्हणाली. "हळद उन्हाला टिकत न्हाय."

शुक्रवारी कारखाने बंद असत. दोघांनी कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत ताका उलगडला, लांबच्या लांब, जाऊन-येऊन. दौलतने मलाही बाहेर आणलं होतं, माझा टवका काचपेपरने घासायला. वारा होता, म्हणून घासून झाल्यावर मला एका टोकावर वजन म्हणून ठेवलं. पार्वती किनारीने वाकून चालत होती, ठिपक्यांवर पाण्याचा हात फिरवत. ठिपका, ठिपका, ठिपका. मग ती थांबली. मागे गेली, पुन्हा पुढे आली. विती घातल्या.

"हितं न्हायत."

दौलतने ताक्याचं टोक उगाच सारखं केलं.

"धा-बारा वितीत एक बी न्हाय. पुडी संपली व्हती?"

"न्हाय."

"मंग?"

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. मला वाटलं, आता म्हणेल, विसरलो. म्हणेल, वीज गेली होती. दोन्ही खपलं असतं.

"बुदवारी ओढली," तो म्हणाला.

"एक?"

मी वाट बघत होतो.

"दीड."

पार्वतीने त्या पांढऱ्या पट्ट्यावरून हात फिरवला. मला वाटलं रडेल, नाहीतर ताका तिथेच टाकून चालायला लागेल. डोळे भरले होते खरे.

"मना न्हाय बोल्लात त्या सांजला," ती म्हणाली.

"तू हसलीस. मंग बोलवंना."

ती खाली बसली. डोक्याला हात लावला, आणि अंबाड्यातली पिन काढली. पिनेचं टोक दाताने वाकवून बारीक आकडा केला, मला उचललं, आणि आकडा माझ्या भोकातून आत घालून बाहेर ओढला. कांडी नव्हतीच, नुसतं करून दाखवलं.

"उद्यापासनं सूत ह्यानं काढायचं. तोंड लावायचंच न्हाय. दिसभर झुरकं मारायचं आन् बिडी सोडायची, कसं जमनार? तुमचं चुकलं, तसं माजं बी चुकलं. मना आदीच दिसायला पायजे व्हतं."

"पिनेनं येळ लागतो."

"लागू दे."

संध्याकाळपर्यंत ठिपके गेले. बाकीच्या तीन मागांवरचे ताके पुढे उतरले तसे असेच उन्हात घातले. लाल झालेला तेवढा फिका गुलाबी राहिला. शेठच्या नजरेला तो पडला नाही, किंवा पडला असेल, बोलले नाहीत.

शनिवारी पंढरीने ती पिन पाहिली. "काय रं दौलत, धोट्याची येनी घालतोस?"

"घालतो. तुजी पन घालू?"

आणि तलफा? त्या आल्या, महिनाभर आल्या. तो अधूनमधून माझ्यावर करवादे, गाठी चुकवे, वीज गेली की मात्र पार्वतीशेजारी जाऊन बसे आणि रागारागाने कांड्या भरी. त्याने भरलेल्या कांड्या सैलच असत. तिने कधी म्हटलं नाही.

मला पिनेचा राग आला, हे लपवत नाही. सहा वर्षं ज्याचे ओठ रोज शंभर वेळा लागत, तो आता थंड तार खुपसून मोकळा. त्याने काय खाल्लं, कुठली भाजी झाली, काही समजेना. तो बिडी ओढतो की नाही, हेही नाही. ते आता मला तेवढंच ठाऊक होतं जेवढं पार्वतीला, म्हणजे तो सांगेल तेवढं. आधी हे फार जड गेलं. मग सवय झाली.

शहाण्णव साली आमचे माग भंगारात गेले आणि कारखान्याचं गोदाम झालं. दौलत मला घरी घेऊन आला. आता मी दापोड्याला फळीवर असतो, तेल कोणी लावत नाही, धूळ भरपूर. दौलत एका गोदामावर ड्युटी करतो. थंडीत खोकतो, पण सायकल चालवतो, आणि बापाचं वय त्याने कधीच मागे टाकलं.

मित्रांनो, धोटे आता फार राहणार नाहीत, आणि माझी काळजी घ्या असं सांगण्यात अर्थ नाही. पण तुमच्या घरात कोणी बिडी, तंबाखू सोडत असेल तर त्याची घ्या. पहिले काही दिवस तो विनाकारण ओरडेल, त्याला ओरडू द्या. त्याचं काम त्याला कुठे चिमटे काढतंय ते बघा, आणि तिथे काही युक्ती सुचली तर करा. चुकला तर त्याला ते सांगता येईल इतकं सोपं ठेवा. आणि येता-जाता त्याचं तोंड हुंगू नका. ते काम मी सहा वर्षं केलं, दिवसातून शंभर वेळा. त्याने दौलतची एकही बिडी कमी झाली नाही.