अस्सल सोलापुरी

नवी पेठेतल्या एका चादरींच्या दुकानात जाहिदा अकरा वर्षं गिऱ्हाइकांपुढं चादरी उलगडत होती. तिचा नवरा नबीलाल भवानी पेठेत यंत्रमागावर होता. आधी आवाजानं त्याचे कान गेले, मग मागच भंगारात गेले. तेव्हापासून तो घरीच.

चादर इथली की बाहेरची, हे जाहिदाला नुसत्या हातानं कळायचं. दोनेक वर्षांपासून दुकानात बाहेरचाच माल उतरत होता. हलका, पहिल्या धुण्यात रंग सोडणारा. मागच्या खोलीत त्यावर 'अस्सल सोलापुरी' अशी लेबलं शिवली जायची. जाहिदा त्यावर कधी बोलली नाही. फक्त कुणी सरळ विचारलं तर खोटं सांगायचं नाही, एवढंच तिनं मनाशी ठरवलं होतं.

त्या दिवशी एक बाई लेकीच्या रुखवतासाठी आल्या. "मावशी, इथलीच आहे ना ही? खरं सांगा."

"नाही ताई. बाहेरची आहे."

बाई चादरी तशाच टाकून उठल्या. गल्ल्यावरच्या सिद्धप्पा शेठनी ते ऐकलं. ते ओरडले नाहीत.

"जाहिदा, इथं माग राहिले किती? खरा माल कुठनं आणू मी? तू खरं बोललीस म्हणून बंद पडलेले माग सुरू होणार हायेत का?"

ती बाईंनी टाकलेल्या चादरींच्या घड्या घालू लागली.

"उद्यापासून मागं बस. लेबलं शिव. तिथं कुणी विचारायला येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती मशीनवर बसली. पहिलंच लेबल सुईखाली धरलं आणि पाय हलेना. "माझ्याच्यानं नाही होणार, शेठ," म्हणून ती घरी आली.

नबीलालच्या कानाशी तोंड नेऊन तिनं सगळं मोठ्यानं सांगितलं. बावीस वर्षं चादरी विणलेला माणूस, त्याला तरी बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं.

"चादर ती चादर. अंगावर घेतली की झालं," तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

पंधरा दिवस ती कामासाठी दुकानांच्या पायऱ्या झिजवत राहिली. जिथं विचारावं तिथं तोच माल, तीच लेबलं. मग एका दुपारी तिची लेक समरा कॉलेजला न जाता घरी आली.

"अम्मी, मी शेठना भेटून आले. मागच्या खोलीत जागा आहे म्हणाले."

"तिथं काय करतात, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. मी नाही केलं तर दुसरी कुणी करेलच की."

जाहिदाला 'जाऊ नकोस' म्हणायचं होतं. डब्यात पीठ दोन दिवसांचं उरलं होतं. तिनं डब्याला झाकण लावलं आणि समराला जाऊ दिलं.

पहिल्या दिवशी समरा परतली ती खुशीत. "शेठ म्हणाले, चादरीवर अम्मीचा, तसाच लेबलांवर तुझा हात साफ आहे."

जाहिदानं तिच्यापुढं ताट ठेवलं आणि ती दारात जाऊन उभी राहिली. आतून समरा जेवायला हाका मारत होती. जाहिदानं मागं वळून पाहिलं नाही.