जावयाचे दोन कान

"बाई, तुमच्या यंत्राला दोन कान आहेत," तपासनीस काका म्हणाले होते. "एक तुमचं ऐकतोय. दुसरा कुणाचं?"

रोबोंच्या लढतींच्या स्पर्धेची नावनोंदणी होती त्या दिवशी, तपासणीच्या टेबलावर तिचा लढाऊ रोबो झाकण काढून ठेवला होता. आत दोन रिसीव्हर, शेजारी शेजारी चिकटवलेले. एक तिच्या हातातल्या रिमोटचा. दुसऱ्याचा रिमोट बाबांकडे असायचा. तिचा धाकटा भाऊ बारक्या चाकं चालवायचा आणि बाबा पुढचा दातेरी ड्रम फिरवायचे. बाबांचा अंगठा दुखला तर अडायला नको, म्हणून बारक्याने ड्रम दोन्ही रिमोटना जोडला होता. मग बारक्या साध्या तापाचं निमित्त होऊन गेला, आणि त्याचा रिमोट तिच्याकडे आला.

"दुसरा रिमोट बाबांनी भंगारात दिला," ती म्हणाली.

"देताना पाहिलंत?"

"बाबा खोटं बोलत नाहीत, काका."

"मग ती वायर कापा. ज्याला धनी नाही तो कान उघडा ठेवू नये."

"कापते," म्हणून तिने झाकण लावलं. कापली नाही. बारक्याने स्वतःच्या हाताने चिकटवलेलं उपटायला तिचा हात धजेना.

एरवी ती बेफिकीर मुळीच नव्हती. घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्यांना तिने स्पंज लावला होता. तान्ही लेक चिमणी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास पाहायची. चिमणी आता रांगत होती, म्हणजे आईच्या जिवाला घोर. "तुझ्या डोळ्यांना पापण्या आहेत का गं?" नवरा विचारायचा.

रोबोचं नाव बारक्याने 'जावई' ठेवलं होतं. भरपूर खातो, कुणाचं ऐकत नाही, आणि तापला की सगळ्यांनी लांब उभं राहायचं. यावर सगळ्यात जास्त खरा जावईच हसला होता. "एका घरात दोन जावई. मला निदान चार्जिंगला लावावं लागत नाही."

जावई गॅलरीत राहायचा, जाड प्लॅस्टिकच्या पेटीत. संध्याकाळी नवरा कामावरून आला की ती पेटी कुलूपबंद करून सराव करायची. बाबा नेमके खालच्या मजल्यावर एकटे राहत. ती दोन्ही वेळा डबा घेऊन उतरे. "कसे आहात?" "ठीक आहे." डबा रिकामा परत येई. रिकामा डबा म्हणजे माणूस बरा, असं तिने धरून ठेवलं होतं.

एका संध्याकाळी तिने जावयाची बॅटरी जोडणारी लाल किल्ली बसवली, पेटी बंद केली आणि रिमोट घ्यायला वळली. रिमोट फळीवर होता. तरी पाठीमागे ड्रम फिरला. घर्र. मग थांबून पुन्हा, जरा लांब, घर्रर्र.

लढतीआधी बारक्या समोरच्या रोबोला असाच नमस्कार घालायला लावायचा. एक छोटा फेरा, एक मोठा.

"वायर सैल असेल," नवरा म्हणाला. तिने वायरी तपासल्या. घट्ट होत्या. दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ती पेटीशी वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "बारक्या?"

घर्र. घर्रर्र.

तिने आपल्या रिमोटवरून तसेच दोन फेरे परत दिले. मग पुन्हा नमस्कार आला.

त्यानंतर तो रोजचा परिपाठच झाला. तिकडून दोन, इकडून दोन. ती भ्यायची आणि तरी वाट पाहायची. एकदा चिमणी रांगत येऊन पेटीला तळवे टेकून उभी राहिली. आतले दाते फिरत असताना खिदळून म्हणाली, "मामा." या वयाची मुलं काहीही बडबडतात, हे तिला कळत होतं. तरी ती पेटीत डोकावली. नवऱ्याने पोरीला उचललं.

"पुरे झालं. आपण न फिरवता फिरणारं यंत्र मला पोरीजवळ नको. मोडून टाक."

"स्पर्धेपर्यंत थांब."

"आणि मग?"

"मग मोडते." जावई मोडला की बारक्याचं उत्तर येणं बंद होणार होतं. बाबांना तिने यातलं काही सांगितलं नाही. त्यांच्या जखमेवरची खपली कशाला काढा.

स्पर्धेच्या दिवशी जावयाने दोन लढती जिंकल्या. तिसरी एका वेल्डरशी. त्याच्या रोबोला पंख्याच्या पात्यासारखं आडवं पातं होतं. जाळीपलीकडून तो म्हणाला, "ताई, जावयाला आज पाहुणचार करतो." आणि केला. पहिल्याच तडाख्यात जावई उताणा झाला. ड्रमच्या झटक्याने तो सुलटा व्हायचा, पण ती अंगठा दाबत राहिली आणि ड्रम ढिम्म. तिची वायर आत तुटली असणार. पंच आकडे मोजू लागले.

तिने अंगठा काढून घेतला. आणि ड्रम फिरला.

घर्र. घर्रर्र.

जावई उसळून चाकांवर आला. बाकांवरून आरडाओरडा झाला. वेल्डर म्हणाला, "मानलं, ताई." ती मात्र आपल्या मोकळ्या अंगठ्याकडे पाहत होती. लढत संपली की आखाड्यात वाकून लाल किल्ली काढायला तिलाच जायचं होतं, त्या दात्यांसमोर. आणि घरी पेटीच्या कुलपाशी चिमणीचे तळवे. तिने रिमोट डोक्यावर धरला.

"थांबवा. ड्रम मी फिरवत नाहीये."

"मग कोण?" पंचांनी विचारलं.

तपासनीस काका तिच्याकडे बघतच नव्हते. ते बाकांकडे बघत होते. शेवटच्या रांगेत बाबा बसले होते. येऊ नका, दगदग होईल, असं ती त्यांना सांगून आली होती. मांडीवर स्वेटर, आणि दोन्ही हात स्वेटरखाली.

जावई बाद झाला. काका स्वतः वर गेले आणि बाबांच्या हातातून रिमोट अलगद काढून घेतला. मगच आखाड्याचं दार उघडलं.

ती बाबांशेजारी जाऊन बसली. दाढी वाढलेली होती. सदऱ्याच्या गळ्यातून हाडं दिसत होती. रोज दोनदा बघूनही हे तिला दिसलं नव्हतं.

"भंगारात द्यायला नेला होता," बाबा म्हणाले. "दिला नाही. संध्याकाळी घर खायला उठतं. एक दिवस सहज चालू केला. दोनदा दाबलं. वर गुरगुरलं. आणि मग, मी हात लावलेला नसताना, वरून दोनदा उत्तर आलं." ते थांबले. "मला वाटलं, तो..."

"ते उत्तर मी देत होते, बाबा."

"तू?"

"मला वाटायचं, तो विचारतोय."

बाबांनी मांडीवरच्या स्वेटरची घडी घातली. "आणि डबा?" तिने विचारलं.

"खालच्या कुत्र्याला," ते म्हणाले. "त्याची तब्येत बघ कशी सुधारली."

जावई मोडला नाही. त्याचे दाते काढले, आता नुसता गुळगुळीत ड्रम फिरतो. दुसरा कान तसाच ठेवला, त्याचा रिमोट बाबांकडेच. बाबांनी रात्रीचं जेवायला वर यायचं असं ठरलं, पण कधी येतात, कधी 'ठीक आहे' म्हणतात. म्हणून संध्याकाळी ती किल्ली बसवून थांबते. खालून दोन, वरून दोन. मग तिचा जीव भांड्यात पडतो.

परवा दिवे लागले, तरी ड्रम हलला नाही. चिमणीला कडेवर घेऊन ती जिना उतरली, चपला न घालता. दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधार. बाबा खुर्चीत, तोंड छताकडे, अंगठा रिमोटवर दाबलेला. रिमोटचे सेल संपले होते आणि ते त्यांना कळलं नव्हतं.

"आज उत्तर आलं नाही," ते म्हणाले. डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत ओघळलं होतं.

तिने सेल बदलले. पण तिला झोप अजून लागत नाही. ती भेटेल त्याला विचारते, आणि तुम्हालाही विचारते आहे. तुमच्या खालच्या मजल्यावर, नाहीतर पलीकडच्या खोलीत, 'ठीक आहे' म्हणणारं माणूस आहे ना? फोन नको. हे वाचणं इथेच ठेवा, जा, दिवा लावा आणि त्यांच्या तोंडाकडे नीट बघून या.