वकिलाकडचा आवाज

बाबांचं स्वरयंत्र काढलं तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "जाऊ दे, जीव तर वाचला." ज्यांना स्वतःला क्षणभर गप्प बसवत नाही, तेच हे सांगत होते. माझे बाबा बस डेपोत मिस्त्री होते. इंजिनं धडधडत असताना त्यांची हाक थेट फाटकापर्यंत जायची. घरातही ते तसेच बोलायचे, मीठ मागतानासुद्धा. आता गळ्याला भोक, त्यावर जाळीची पट्टी आणि आत नुसती हवेची ये-जा.

हॉस्पिटलनं बोलणारं यंत्र दिलं. पाटीएवढी काच, बोटानं लिहायचं, ते बोलतं. त्यातून जो माणूस बोलला तो कोण होता कोण जाणे. गुळगुळीत, नुकतीच अंघोळ करून आलेला. बाबांनी 'पाणी दे' लिहिलं, त्या परक्यानं आईकडे पाणी मागितलं, आणि आई पाहुण्यासाठी उठावं तशी चटकन उठली. बाबांनी यंत्र उशीखाली सारलं. त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले. मग आईचंही बोलणं आटलं. मला स्पष्ट दिसत होतं, आवाज आला नाही तर ही दोघं एका घरात अशीच वेगवेगळी संपणार.

हॉस्पिटलात बोलणं शिकवणारी बाई होती. ती म्हणाली, "जुनी रेकॉर्डिंग असतील तर हे यांच्याच आवाजात बोलेल. पण नुसतं त्यांचंच बोलणं हवं, आणि भरपूर."

आम्ही घर पालथं घातलं. एका व्हिडिओत बाबा बोलतायत तर मागे मिक्सर. दुसऱ्यात माझीच बडबड. बाबांचा जुना मोबाइल बादलीत पडून मेलेला. बापाचा आवाज कोण जपून ठेवतं? तो असतोच, नळाला पाणी असावं तसा.

मग मला वकील आठवला.

तो वकील नव्हताच. कोर्टात टायपिस्ट होता, आता निवृत्त, आमच्या बरोबर खाली राहतो. पण कशालाही "पुरावा काय?" विचारतो, म्हणून अख्खी इमारत त्याला वकील म्हणते. बाबा बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायचे, ते त्याच्या वाळत घातलेल्या चादरींवर ठिबकायचं. तो इमारतीच्या ग्रुपवर मुद्देसूद तक्रार लिहायचा. बाबांची बोटं पान्याला सरावलेली, त्या मुंगीएवढ्या अक्षरांवर बसायची नाहीत. ते थेट त्याच्या एकट्याच्या मोबाइलवर बोलूनच उत्तर पाठवायचे, आणि उत्तर काय, तोफखानाच. वर्षानुवर्षं हे चाललं. वकील काही पुसून टाकणाऱ्यातला नव्हे.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी कागदावर खसाखसा लिहिलं, 'त्याच्या दारात जायचं नाही.'

"तुमच्यासाठी जातच नाहीये," मी म्हटलं. "आईसाठी जातेय."

वकिलानं दार अर्धंच उघडलं. "काय, पुन्हा ठिबकणार आहे का?"

"बाबांनी तुम्हाला जे जे सुनावलंय ते सगळं हवंय."

"कशाला? कोर्टात जाताय?"

"त्यातून त्यांचा आवाज बनवायचाय."

तो चष्मा पुसत उभा राहिला. आतून त्याची बायको म्हणाली, "द्या की. अगं, हे आधी ऐकून चिडायचे. तुझे बाबा आजारी पडल्यापासून नुसतेच लावून बसतात."

"तू मध्ये बोलू नकोस." मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मूळ मिळणार नाही. प्रत देईन."

प्रत काय, खजिनाच होता. प्रत्येक भांडणाला नाव दिलेलं: 'चादर', 'कुंडी', 'चादर व कुंडी'.

हॉस्पिटलातल्या बाईनं ते सगळं यंत्राला शिकवलं आणि एका दुपारी स्वतः घरी घेऊन आली. यंत्र टेबलावर ठेवलं. बाबा हात मांडीखाली घालून बसले.

"लिहा की," आई म्हणाली. "मला ऐकायचंय."

त्यांनी एक बोट बाहेर काढलं. बराच वेळ गिरवत होते.

यंत्र खाकरलं.

खाकरायचं कुणी लिहिलं नव्हतं. बाबा भांडण सुरू करण्याआधी खाकरायचे, ते यंत्रानं आपणहून उचललं होतं. जो घसा कापून, बाटलीत घालून तपासायला नेला, तो आमच्या जेवणाच्या टेबलावर खाकरला. आणि मग बाबांचा आवाज आला, शेवटचं अक्षर आपटण्याच्या खोडीसकट.

"तू जेवलीस का?"

बाई दचकली. यंत्राला बाबांचं भांडणच तेवढं ठाऊक. विचारपूससुद्धा चादरीच्याच थाटात. ती ओशाळून म्हणाली, "थोडा मऊ करता येईल हं. इथे सोय आहे."

"हात लावू नका," आई म्हणाली. "असंच विचारायचे." आणि किती दिवसांनी तीही कडाडली, "कुठली जेवते? तुमचं तोंड सदा भिंतीकडे."

मोबाइलनं, यंत्रांनी घरं मोडली म्हणून गळा काढणाऱ्यांनी त्या वेळी आमच्या टेबलाशी बसायला हवं होतं. माझी बुद्धी इथे थांबते. काच आहे, वीज आहे, गणित आहे, असं बाईनं समजावलं. असेल. मला एवढंच दिसलं की माझा बाप त्या काचेत नव्हता आणि तरी तिच्यातून बोलत होता. मीठ, खिडकी, पंखा, सगळ्यांवर ओरडून झालं. मग त्यांनी मला लहानपणच्या लाडक्या नावानं हाक मारली. ते नाव त्या भांडणांत येणं शक्यच नव्हतं. तरी जसं ताणायचे तसंच ताणून आलं.

दारावर टकटक झाली. वकील. छतातून सगळं ऐकू गेलेलं असणार. तो उंबऱ्याबाहेरच थांबला, पाहुण्यानं दारात थांबावं तसा नव्हे, निकालाला थांबावं तसा.

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग खाली बघून लिहायला लागले. एकदा पुसलं. पुन्हा लिहिलं.

यंत्र खाकरलं आणि गरजलं, "आत या. बसा."

वकील दोन पावलं मागे सरला.

"अहो, बोलावतायत ते तुम्हाला," आई म्हणाली.

तो आत आला, खुर्चीच्या कडेवर टेकला. हे शब्द बाबांनी त्याला जन्मात म्हटले नव्हते. मी कधी ऐकले नव्हते, त्यानं तर नव्हतेच, आणि यंत्रानंही नव्हते. तरी त्यांच्याच आवाजात आले.

बाबांनी बोट पुन्हा काचेवर ठेवलं. आम्ही सगळे वाट बघत बसलो.