पंधरा मिनिटं पुढे

वैभवीनं फोनवरचे सहा आकडे चौथ्यांदा लॅपटॉपवर टाकले आणि बटण दाबलं. कोड चुकीचा आहे, पुन्हा प्रयत्न करा.

पासवर्ड बदलून झाला होता, लॅपटॉप बंद-चालू करून झाला होता, घरचं नेट सोडून फोनचं घेऊन झालं होतं. ऑफिसचं चॅट-मीटिंगचं ॲप काही तिला आत घेईना. मीटिंग अकराची, आणि भिंतीवर अकरा वाजून दोन मिनिटं झालेली. पुण्याची ही नोकरी लग्नानंतर सासरी, कामरगावातून करायची परवानगी तिनं मागितली होती. महिनाभर बघू, असं साहेब म्हणाले होते. तो महिना आज संपत होता आणि याच मीटिंगमध्ये ते काय ते सांगणार होते. ते नाही म्हणाले, तर एक तर नोकरी सोडायची, नाही तर पुण्याला परत जायचं.

"काहून रडून राह्यली वं?" सासू तुळसाबाई दारात उभ्या राहिल्या.

"रडत नाही, आई. आतच नाही घेऊन राह्यलं मले."

"मंग फोन लाव ना कोणाले."

कंपनीच्या मदत विभागातली निकिता सगळं ऐकून शांतपणे म्हणाली, "तुमच्या फोनवर किती वाजलेत?"

"अकरा वाजून चार मिनिटं! मीटिंग सुरूसुद्धा झाली असेल."

"मॅडम, अकराला अजून अकरा मिनिटं आहेत. तुमच्या फोनची वेळ पुढे आहे. हे कोड फोनच्या वेळेवरून बनतात, म्हणून जुळत नाहीत. फोनमध्ये आपोआप वेळ घेण्याचं बटण सुरू करा."

वैभवीनं कपाळावर हात मारला. हे घर मुळातच पंधरा मिनिटं पुढे जगतं. कारंज्याची एसटी एकदा डोळ्यांदेखत निघून गेली, तेव्हापासून सासरे नानाजींनी घरातल्या एकाही घड्याळाला खरं बोलू दिलेलं नाही. भिंतीवरून पंधरा वजा करायची वैभवीला सवय होती, पण आज फोननंही तेच सांगितल्यावर ती फसली; लॅपटॉपच्या कोपऱ्यातली वेळ बघायचं घाईत राहूनच गेलं. परवा सासूच्या फोनची वेळ तिनंच, कशी बदलायची ते दाखवत, पुढे करून दिली होती. तिच्या स्वतःच्या फोनला मात्र या घराचं वारं लागलं नव्हतं, कालपर्यंत तरी.

बटण सुरू केलं. कोड टाकला. ॲपचं दार उघडलं.

पाऊण तासानं ती बाहेर आली तेव्हा नानाजी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते आणि तुळसाबाई उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धूत होत्या.

"हो म्हणले साहेब. इथूनच करा म्हणले."

नानाजींनी हातातली शेंग टोपलीऐवजी तोंडातच टाकली. तुळसाबाईंनी पदरानं डोळे पुसले. वैभवीनं दोघांना मनसोक्त आनंद करू दिला आणि मग विचारलं,

"पण माहा फोन पुढं कोणं केला?"

"म्याच केला बा," नानाजी लगेच म्हणाले. "सवय हाय मले."

नानाजींना फोनमधलं हिरवं बटण तेवढं ठाऊक होतं. वैभवीनं तुळसाबाईंकडे पाहिलं.

"तुमी कायले खोटं बोलून राह्यले?" तुळसाबाईंनी नळ बंद केला. "म्या केला. सकाळी तू आंघोळीले गेलती तवा. तू संध्याकाळी सहाले उठतं कामावरून. म्या म्हटलं, फोन पुढं असला तं पंधरा मिनिटं पयले उठशीन." मग भांड्याकडेच बघत म्हणाल्या, "दिवसभर घरातच असतं तू. पण भेटत नाही."

पुण्यात कुणी तिची अशी वाट पाहिली नव्हती. ती उठली, खोलीत गेली आणि लॅपटॉप पलंगावर काढून ठेवला.

"आई, टेबल धरा त्या बाजूनं."

"कुठं नेतं?"

"स्वयंपाकघराच्या दारात."

तुळसाबाईंनी टेबल धरलं आणि तसंच सोडून दिलं.

"वा वं! म्हणजे मीटिंगमधी फोडणीचा आवाज जाईन ना!"

"जाऊ द्या," वैभवी म्हणाली. "धरा."