तीन नंबरची पेटी

बाबांच्या नावाची पाटी अकराला लागणार होती. लेक दहालाच शाळेत पोचली. खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला सूक्ष्मदर्शक. बेत साधा होता: कोणी यायच्या आत तो प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवायचा आणि नामानिराळं व्हायचं. बाबांना जाऊन सतराच दिवस झाले होते. गेलेल्या माणसाच्या नावाला डाग कशाला?

पण प्रयोगशाळेला कुलूप होतं आणि किल्ल्यांचा जुडगा शिपाईबाईंच्या हातात. शिपाईबाई म्हणजे बुटकी. सहावी ते दहावी तिच्याच बाकावर बसलेली.

"आलीस का गं चष्मिष? किती वाळलीस! शिकता शिकता जेवायची विसरलीस वाटतं."

"तू मात्र बुटकीच राहिलीस."

"मग? खाणीची धूळ खाऊन कोणाची उंची वाढलीय?"

दोघी हसल्या. बुटकीने दार उघडलं. टेबलांवरची लाल धूळ सकाळीच पुसलेली दिसत होती. कपाटात दहा पेट्या ओळीने लावलेल्या.

गावाखालचं लोखंड मालगाड्या भरभरून बाहेर जायचं. त्याच्या पैशातला ठरलेला हिस्सा शाळेला मिळे, आणि तो वर्ष संपायच्या आत खर्ची घालावा लागे. एका वर्षी त्यातून हे दहा सूक्ष्मदर्शक आले. विज्ञानाला बाबांखेरीज दुसरा शिक्षक मात्र आला नाही. त्या पैशातून वस्तू घेता येत, माणूस नेमता येत नसे. वर फर्मान निघालं की वस्तू फुटली तर भरपाई शिक्षकाच्या पगारातून. बाबा मुळात भित्रे. त्यांनी कुलूप लावलं.

ते उघडे वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी. आदल्या दिवशी तालीम व्हायची. डावा डोळा मिटा, उजवा नळीला लावा. साहेबांनी विचारलं तर म्हणा, "कांद्याच्या पेशी दिसतात, सर." नळीखाली कांदा नसायचाच. काचांना डाग पडले असते.

भिंतीवर अशाच एका तपासणीच्या दिवसाचा फोटो होता. स्टुलावर उभी राहिलेली बुटकी, डावा डोळा घट्ट मिटलेला. आजच्या निमंत्रणावरही तोच छापला होता.

तीन नंबरचा सूक्ष्मदर्शक त्या दिवशीही घरी होता, तिच्या अभ्यासाच्या टेबलावर. "इथे नीट राहील," एवढंच बाबा म्हणाले होते. तळाशी रंगवलेला तीनचा आकडा तिने स्वतः कर्कटकाच्या टोकाने खरवडून काढला होता. बाबांनी तसं सांगितलं नव्हतं. बाराव्या वर्षीच तिला सगळं कळत होतं. तिथून ती पॅथॉलॉजिस्ट झाली. रोज काचपट्ट्यांवर फुफ्फुसांचे तुकडे पाहायचे. त्यात कधीकधी हीच लाल धूळ. बाकीचा वर्ग डंपरवर, नाहीतर खाणीच्या फाटकावर.

"पिशवी जड दिसतेय," बुटकी म्हणाली.

तिने टॉवेल सोडला. बुटकीने कपाटातून नेमकी तिसरी पेटी काढली. "दर शनिवारी पुसते. ही एकच हलकी लागते."

"तुला माहीत होतं?"

"तुमच्या खिडकीतून दिसायचं की. आम्ही कुंपणावर चढून बघायचो, तू काय बघतेस ते."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"कोणाला बोलायचं? ही नोकरी सरांनीच लावून दिली." बुटकीने पेटी फडक्याने पुन्हा पुसली. "ठेव. कोणाला कळणार नाही."

तिला हेच हवं होतं. तरी तिचा हात पुढे होईना. बाहेर गाड्यांची दारं वाजली, तसा तिने सूक्ष्मदर्शक तसाच छातीशी धरला आणि मांडवात जाऊन बसली.

खाणीचे साहेब भरभरून बोलले. या शाळेने घडवलेलं रत्न आपल्यासमोर बसलं आहे, म्हणाले. मग तिचं नाव पुकारलं. पर्समधला लिहून आणलेला कागद तिने बाहेर काढलाच नाही.

"हा शाळेचा आहे," ती म्हणाली. "मी तो शाळेला—"

"अरे वा!" साहेबांनी माइक ओढून घेतला. "सरांच्या कन्येची शाळेला अमूल्य भेट! जोरदार टाळ्या होऊ द्या!"

टाळ्या पडल्या. फोटोवाला पुढे सरसावला. आता नुसतं हसलं की झालं असतं, आणि क्षणभर ती हसलीही. मागे खांबाशी बुटकी उभी होती. दोन्ही हातांत पेटी, त्यामुळे टाळ्या वाजवत नव्हती.

तिने माइक परत मागितला.

"भेट नाही. परत करतेय. वर्गाचं होतं, आम्ही घरी नेलं. नंबर मी खरवडला." तिने सूक्ष्मदर्शक उलटा करून दाखवला. "बाबांची पाटी लावू नका."

पहिल्या रांगेतल्या बायका खाली बघू लागल्या. "दुःखात माणूस काहीही बोलतो," साहेब मुख्याध्यापकांच्या कानाशी पुटपुटले, पण माइक चालू होता. पाटीवरचं कापड तसंच राहिलं. चहा लवकर उरकला.

प्रयोगशाळेत बुटकीने पेटी टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. पदराच्या गाठीतून तिने अर्धा कांदा काढला. डब्यातला असावा.

"दाखव."

तिने सूक्ष्मदर्शक टेबलावर ठेवला आणि ती पापुद्रा सोलू लागली. रोज शंभर काचपट्ट्या हाताळणारी बोटं. दोनदा फाटला. तिसऱ्यांदा जमला. तिने आरसा खिडकीकडे वळवला आणि बाजूला सरकली.

बुटकी वाकली. डावा डोळा तिने फोटोतल्यासारखाच घट्ट मिटला. बाहेर साहेबांची गाडी निघून गेली. मांडवाच्या खुर्च्या एकात एक घालायचा आवाज येत होता. बुटकी वाकलेलीच.

"काय दिसतं?" तिने अखेर विचारलं, तपासणीच्या साहेबांसारखंच, आणि विचारताच जीभ चावली.

"थांब गं," बुटकी नळीवरून मान न उचलता म्हणाली. "बघू दे जरा."