बुजवलेलं बावखल

आग्नेस वाडीत निघाली की लांबचा वळसा घ्यायची. सरळ वाटेवर बावखल होतं, म्हणजे पूर्वी होतं. पावसाचं पाणी साठवून आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवणारं घरचं तळं. त्यात तिचा हिलरी बुडाला, तेव्हा त्याची लेक स्टेफी पाळण्यात होती. त्याला चर्चच्या मातीत ठेवून आल्यावर आग्नेसने लगेच डबर टाकून बावखल बुजवून घेतलं. लोक म्हणाले, पाण्याचा काय दोष? पण पोटचा पोर गेल्यावर शहाणपण कोण ऐकतं!

पाणी मात्र ऐकेना. पावसाळ्यात ते अंगणात तुंबायचं, उन्हाळ्यात विहीर मचूळ व्हायची. भर दुपारी भरणीखालून कुणी डुबकी मारल्यासारखा आवाज येई. मग आग्नेस दार लावून रोझरीचे मणी ओढत बसायची.

आता वसईतल्या गावांत पोरं बुजलेली बावखलं उपसायला लागली होती, आणि त्यांच्यात पुढे स्टेफी. थेट बापाच्या तोंडवळ्याची. लग्न ठरलं तसा तिने हट्टच धरला. नवरीच्या अंघोळीचं पाणी या घरात बावखलातूनच यायचं, आणि पहिली कळशी थोरल्या बाईने भरायची.

"आजी, टँकरच्या पाण्याने न्हाऊन चर्चला जाऊ का मी?"

"तिथं तुझा बाप आहे गं."

"मग त्याला डबराखाली कशाला ठेवलंस?"

आग्नेस उठून आत गेली. खरी भीती तिने कुणाला सांगितली नव्हती. बावखल उघडलं की हिलरी आतून वर बघेल आणि विचारेल, आई, मला का गाडलंस? रागारागात ती न जेवता झोपली. पण पोरीचा प्रश्न रात्रभर कानात वाजत राहिला. सकाळी उठून म्हणाली, "खणा काय खणायचं ते."

उन्हाळ्यात डबर निघालं, पावसात बावखल काठोकाठ भरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी बाया गाणी म्हणत काठापर्यंत आल्या आणि रिवाजाप्रमाणे मागे थांबल्या. आग्नेस एकटीच पायऱ्या उतरली. पाण्यात तिच्या खांद्याशेजारी स्टेफीचा चेहरा दिसला. तेच रुंद कपाळ, तेच हसू.

"मागे हो पोरी, घसरशील!" ती वळली. मागे कुणीच नव्हतं. स्टेफी तिकडे घरासमोर मांडवात बसून बांगड्या भरून घेत होती.

आग्नेसने पुन्हा पाण्याकडे पाहिलं. चेहरा तिथेच होता. तो काहीच विचारत नव्हता, नुसता बघत होता. तिला रडू फुटलं.

"लेकीचं लग्न आहे रे तुझ्या," ती म्हणाली. "पाणी न्यायला आलेय."

आणि तो चेहरा मोडू नये म्हणून तिने कळशी अगदी कडेने बुडवली.